परशराम मास्तराची पोथी

जयाबाईला कुरणवाडीचं पाणी वर्ज्य होतं. बंदी कुणी घातली नव्हती, तिची तिनंच घालून घेतली होती. निपाणीच्या बाजाराची वाट त्या गावावरून जाते. डोक्यावर बुट्टी, वर ऊन, घशाला कोरड, तरी ही बाई कुरणवाडीच्या आडाकडं मान वळवून बघायची नाही. शीव ओलांडायची आणि पुढच्या मळ्यात जाऊन पाणी मागायची. लोक म्हणायचे, म्हातारी हट्टी आहे. होतीच. पण हट्टाला कारण होतं.

तिची थोरली लेक अक्काताई कुरणवाडीत दिली होती, मारुतीरावांच्या मष्णूला. लग्नाला दोन-चार सुग्या लोटल्या असतील नसतील, तोच सासूची, राजाबाईची, एका कानातली मोत्याची बुगडी हरवली. आळ सुनेवर आला. हिनं ती गुपचूप माहेरी धाडली, असं राजाबाईनं दारात उभं राहून गल्लीला ऐकवलं. पोरीला खोलीत कोंडलं, उपाशी ठेवलं, मष्णूनं बैलाला मारायचा आसूड तिच्यावर चालवला. एका सकाळी अक्काताई मळ्यातल्या विहिरीत सापडली. कागदावर पाय घसरल्याचं लिहिलं गेलं. गावानं मात्र आपल्या मनाशी ठरवून टाकलं, चोरी अंगाशी आली म्हणून जीव दिला.

पुढं सुगीच्या तोंडावर कणगी रिकामी करताना तळाला बुगडी निघाली. राजाबाईनं ती धुतली, कानात घातली आणि विषय मिटवला. मारुतीच्या देवळाचा गुरव नागोजी, त्याची बायको तेव्हा जोंधळा पाखडायला त्या घरी होती, म्हणून एवढं तरी कळलं. नागोजीनं जयाबाईला बांधावर गाठून हे सांगितलं आणि वर हात जोडले, "माझं नाव घिऊ नगंस आक्का, मला त्याच गावात ऱ्हायाचं हाय."

तेव्हापासून जयाबाईचं एकच मागणं होतं. कोर्टकचेरी नको, भांडण नको. कुरणवाडीच्या देवळात, चार माणसांपुढं, कुणीतरी मोठ्यानं म्हणावं की अक्काताई चोर नव्हती. तोवर त्या गावचं पाणी नाही आणि अन्नही नाही.

हे म्हणायचं कुणी? नवरा कधीच वारला होता. राहता राहिला धाकटा मुलगा परशराम. तो सातवीची फायनल पास होऊन आपल्या गावच्याच शाळेत मास्तर झाला होता, पण चार मोठ्या माणसांपुढं त्याची जीभ टाळूला चिकटायची. पोरांवर ओरडायचं झालं तरी आधी खिडकीबाहेर कुणी नाही ना, हे बघायचा. असा माणूस मारुतीरावांच्या दारात जाऊन काय बोलणार? पण लिहायला त्याला भीती वाटत नव्हती. कागद उलटून बोलत नाही. म्हणून त्यानं बहिणीची कादंबरी लिहायला घेतली.

"आये, आक्काचं समदं लिवतोय," त्यानं आईला सांगितलं. "छापून आलं की कुरणवाडीतच वाचून दावतो."

"बुगडीचं लिव," जयाबाई म्हणाली. "कणगीतनं निघाली, त्ये लिव."

त्यानं तसंच लिहिलं. चुलीपाशी बसून आई जशी बोलायची, तशाच भाषेत लिहिलं. ते पहिलं लिहिणं आता कुठंच नाही.

झालं असं, की कादंबरी छापायची म्हणजे बेळगावला जाणं आलं. तिथल्या एका वाचनालयाचे चिटणीस श्रीपादराव, पेशानं वकील, माणूस मनाचा चांगला. त्यांनी हस्तलिखित वाचलं आणि डोळे पुसले. खरंच पुसले. मग चष्मा लावून म्हणाले, "कथानक हृदयाला पीळ पाडणारं आहे, मास्तर. पण ही भाषा? बुगडी काय, कणगी काय, आसूड काय! सुशिक्षित वाचक हे हातात धरायचा नाही. जरा ग्रांथिक करा. मी छापखान्यात शब्द टाकतो."

शिकलेल्या माणसानं आपलं लिहिणं वाचून डोळे पुसले, यानंच परशराम निम्मा विरघळला होता. उरलेला निम्मा छापखान्याच्या नावानं विरघळला. त्यानं सगळी कादंबरी फिरून लिहिली. अक्काताईची सुमती झाली. बुगडीचं कर्णभूषण, कणगीचा धान्यकोष, राजाबाईची निर्दय श्वश्रू आणि कुरणवाडीचं रम्यपूर. एकेक शब्द बदलताना आपण जरा उंच होतोय असं त्याला वाटायचं, हे खोटं कशाला बोला. पुस्तकाचं नाव ठरलं ‘निष्कलंक सुमती’.

चौतीस सालच्या उन्हाळ्यात वाचनालयाच्या वार्षिक समारंभात पुस्तक प्रसिद्ध झालं. परशराम नवा कोट घालून, वळकटी काखेत मारून आदल्या दिवशीच बेळगावला जाऊन राहिला. समारंभाचे अध्यक्ष एक निवृत्त अधिकारी होते. त्यांनी मराठी भाषेच्या रक्षणावर भाषण केलं, मग स्वतःच्या काशीयात्रेवर केलं, आणि शेवटी घड्याळ बघून म्हणाले, "आजचे तरुण लेखक परशुरामपंत यांची ‘निष्कलंक सुलोचना’ आपण सर्वांनी अवश्य वाचावी." टाळ्या पडल्या. परशरामाला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उभा राहिला, "सर्वांचा आभारी आहे," एवढं म्हणाला आणि बसला. माणसं चहाला उठली. अध्यक्षांना दिलेली प्रत खुर्चीवर तशीच पडली होती, जोडपानंसुद्धा न कापलेली, वर हार. परशरामानं हार बाजूला ठेवला आणि प्रत उचलून पिशवीत घातली. बेळगावनं त्याचं पुस्तक एवढंच वाचलं.

मग उरलेल्या प्रतींची ट्रंक घेऊन तो निपाणीच्या बाजारात बसू लागला. तंबाखूच्या वखारींपुढं गर्दी असते, म्हणून तिथंच. येणारेजाणारे थांबायचे, पुस्तक उलटंपालटं करायचे.

"पंचांग हाय?"

"न्हाय. गोष्ट हाय."

"कुना द्येवाची?"

"द्येवाची न्हाय. एका बाईची."

"मग तिला द्येव पावतो का शेवटाला?"

"न्हाय."

"आन मग?" असं म्हणून माणूस पुस्तक खाली ठेवायचा, तेही जपून, छापील गोष्टीला पाय लागू नये म्हणून. वखारीतल्या बायका तंबाखूच्या वासानं खोकत घराकडं निघायच्या. त्यांतल्या एकीला त्यानं आपण होऊन पहिलं पान वाचून दाखवलं. ती भक्तिभावानं ऐकत उभी राहिली आणि शेवटी हात जोडून म्हणाली, "लई ग्वाड वाचता मास्तर. कानडी हाय व्हय?" त्या दिवशी परशराम लवकर घरी आला आणि जेवला नाही. खरं तर तेव्हाच त्याला कळायला हवं होतं.

श्रावण जवळ आला. कुरणवाडीच्या देवळात श्रावणभर पोथी लावायची रीत होती. एकानं वाचायचं, आणि दुसऱ्यानं लोकांच्या बोलीत अर्थ सांगायचा. त्या साली पोथीला वाळवी लागली आणि ती वाचणाऱ्या नागोजी गुरवाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तो परशरामाकडं आला. "मास्तर, तुमीच येऊन वाचा की. कसलीबी पोथी आना, पर श्रावण मोकळा जाया नगो."

परशरामाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोथी सुरू असताना मधे कुणी बोलत नाही. मधूनच उठून गेलं तर अपमान माणसाचा होत नाही, देवाचा होतो. म्हणजे मारुतीराव, राजाबाई, मष्णू, सगळ्यांना शेवटपर्यंत बसावं लागेल. आणि कुरणवाडीत अर्थ सांगायचा मान कुणाचा? खुद्द मारुतीरावांचा! ज्याच्या घरात पोर मेली, त्याच्याच तोंडून ते सगळं गावाला ऐकवलं जाणार. आपल्याला फक्त वाचायचं आहे. पुस्तकाच्या सुरुवातीला त्यानं गणपती-सरस्वतीच्या नमनाच्या चार ओव्या जोडल्या, एका कोऱ्या कागदावर लिहून चिकटवल्या. नमन आलं की पुस्तकाची पोथी होते. एवढी हुशारी त्यानं जन्मात कधी केली नव्हती.

जयाबाईला तो घरी वाचून दाखवायला तयार होता. तीच नको म्हणाली. "तितंच ऐकतो मी. त्यांच्या म्होरं. विहिरीचं येईल त्या दिशी मला गाडीत घालून ने."

‘निष्कलंक सुमती’ चौरंगावर तांबड्या फडक्यात बसली. वर तुळशीचं पान, शेजारी समई. परशराम वाचायचा आणि मारुतीराव डोळे मिटून, मांडीवर हळू ताल धरत अर्थ सांगायचे. आवाज गोड, माणूस वजनदार. सुमतीचं बालपण आलं, लग्न आलं, बायका डोळे पुसू लागल्या. वाचलेलं लोकांना कळत नाही, ते मारुतीरावांच्या तोंडाकडं बघत बसतात, हे परशरामाच्या लक्षात येत होतं. पण पोथीचं असंच असतं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

समाप्ती शेवटच्या सोमवारी, दिवसाउजेडी होती. जयाबाई बैलगाडीतून आली. घरचं पाणी तिनं तांब्यात बरोबर आणलं होतं. देवळात खांबाला टेकून बसली. समोर बायकांच्या पहिल्या ओळीत राजाबाई होती, दोन्ही कानांत बुगड्या. मष्णू दाराशी बसला होता. परशरामानं पान उघडलं आणि वाचायला लागला.

"‘हे पापिणी, माझे कर्णभूषण तूच अपहृत केलेस,’ असे वदून त्या निर्दय श्वश्रूने त्या अबलेवर वाक्शरांचा वर्षाव केला."

तो थांबला. आता मारुतीरावांची पाळी. सगळं देऊळ त्यांच्याकडं बघत होतं.

मारुतीरावांनी मांडीवरचा ताल थांबवला. मग त्यांनी डोळे मिटले. "म्हंजे काय? तर द्येव परीक्षा बघतो. सोन्याला इस्तवात घालत्यात, तसं. आता ही सासू कोन? सासू न्हवंच ती. परीक्षेला आलेली मायाच ती, बाईचं रूप घिऊन."

बायकांनी माना डोलावल्या. राजाबाईनंही डोलावली. परशरामानं घाईघाईनं पुढचं वाचलं. आता विहीर होती. आता तरी झाकायला जागा नव्हती. "तेव्हा त्या अभागिनीने अश्रुपूर्ण नेत्रांनी दशदिशांकडे पाहिले व जलाशयाच्या अगाध उदरात आपला देह समर्पण केला."

"म्हंजे गंगामाय वर आली," मारुतीराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला, "आन तिनं सुमतीबाईला वटीत घेतली. फुलं पडली आभाळातनं. पोथी वाईटावर ठेवायची नसती मास्तर, म्होरं चला."

परशरामाच्या ओठांपर्यंत आलं, की फुलं पडली नाहीत, चार माणसांनी दोर टाकून बाहेर काढली तिला, आणि तिच्या पाठीवर वळ होते. पण पोथी सुरू होती. मधे कुणी बोलायचं नसतं. तो कायदा त्यानंच आपल्या हातानं गावाच्या गळ्यात घातला होता, आणि पहिला तोच त्यात अडकला. त्यानं पुढं वाचलं. कर्णभूषण धान्यकोषाच्या तळाशी प्राप्त झालं. मारुतीरावांनी सांगितलं, सत्त्वाच्या बाईसाठी धरतीनं आपण होऊन सोनं वर दिलं. राजाबाई पदरानं डोळे टिपत होती आणि टिपताना बुगड्या हलत होत्या. मारुतीरावांना सगळं कळलं होतं आणि त्यांनी मुद्दाम झाकलं, की त्यांनाही परशरामाची भाषा अर्धीच लागली आणि जन्मभराच्या सवयीनं ते बोलत गेले, हे परशरामाला पुढंही कधी कळलं नाही. त्यानं विचारलंही नाही.

आरती झाली. राजाबाई प्रसादाचं ताट घेऊन फिरली. जयाबाईपुढं आली, क्षणभर घुटमळली. "घ्या ईनबाई. पोथीचा परसाद हाय, न्हाय म्हनू नये."

जयाबाईनं पोराकडं बघितलं. त्याची मान खाली होती. तिनं हात पुढं केला, खडीसाखरेचा खडा घेतला आणि तोंडात न टाकता पदराच्या टोकाला बांधला.

गाडी शिवेबाहेर आली, तेव्हा तिनं विचारलं, "परशा, आक्काचं कवा येनार त्यात?"

परशरामाला आधी कळलंच नाही.

"त्या सुमतीबाईचं लई ग्वाड हाय," ती म्हणाली. "पर आक्काचं लिवलंय म्हनालतास न्हवं? मी वाट बघत बसलो. आरतीच झाली की रं."

आई ज्या लेकीसाठी इतकी वर्षं तहानेली राहिली, ती लेक तिला त्याच्या पुस्तकात ओळखू आली नव्हती. तो रडायलाच लागला. कासरा हातातून सुटला, बैल आपले चालत राहिले. रडत रडत त्यानं तिला सगळं सांगितलं, सुमती कोण, कर्णभूषण काय. मग पुस्तक बाजूला टाकून नुसतंच बोलत गेला. बुगडी कशी हरवली, राजाबाई दारात उभी राहून काय बोलली, आसूड कुणी उचलला, कणगीच्या तळाला काय निघालं. जयाबाई ऐकत होती आणि हुंकार देत होती.

त्याचं बोलणं संपल्यावर ती म्हणाली, "असंच बोलायचंस की रं तितं."

परशरामानं वाकून सुटलेला कासरा उचलला. घरी आल्यावर तिनं खडीसाखर एका चिंधीत बांधली आणि गाडग्यात घालून गाडगं आढ्याला टांगलं.

त्या वर्षात परशरामानं एक ओळ लिहिली नाही. श्रीपादरावांचा निरोप आला की दुसरी कादंबरी घ्या हाती, त्याला त्यानं जबाब दिला नाही. ट्रंकेतल्या प्रतींना कसर लागली. कुरणवाडीतली प्रत तेवढी सुखात होती. एकदा चौरंगावर बसलेली पोथी परत देत नाहीत, म्हणून ती फडक्यात गुंडाळून देवाच्या कोनाड्यात ठेवलेली होती, आणि एकादशीला तिच्यावर फूल पडत होतं. मष्णूला दुसऱ्या बायकोपासून मुलगी झाली. तिचं नाव त्यांनी सुमती ठेवलं.

पुढच्या श्रावणात नागोजी नारळ घेऊन आमंत्रणाला आला. औंदा समाप्तीला मास्तरांना फेटा बांधायचा, असं गावानं ठरवलं होतं. जयाबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. पडल्या पडल्या तिनं सगळं ऐकलं आणि नागोजी गेल्यावर पोराला जवळ बोलावलं.

"जा तू. बुगडीचं बोल आन ये. पुस्तकाला हात लावू नगंस."

समाप्तीच्या दिवशी तो गेला. वाटेवर मोठ्यानं बोलून बघितलं, "माझी भन चोर नव्हती." शेतात कुणी नव्हतं, तेव्हा स्वच्छ आलं. देवळात गेल्यावर मारुतीरावांनी आपल्या हातानं त्याला फेटा बांधला. गाव टाळ्या वाजवत होतं. राजाबाई समोर बसली होती, मांडीवर छोटी सुमती घेऊन, आणि पोरगी आजीच्या बुगडीशी खेळत होती.

"बोला मास्तर," मारुतीराव म्हणाले.

परशराम उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं. चौरंगावर पुस्तक उघडून ठेवलेलं होतं, समई लावलेली होती, आणि सगळी माणसं मायेनं त्याच्याकडं बघत होती. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर कदाचित तो बोलला असता. तो खाली बसला आणि नमनाच्या ओव्या वाचायला लागला.

घरी आला तेव्हा दिवस मावळत होता. जयाबाई दाराकडं तोंड करून पडली होती.

"बोललास?"

"बोललो."

"बुगडीचं?"

"व्हय."

"कणगीतनं निघाली, म्हनून?"

"व्हय आये."

"राजाबाई काय म्हनली?"

एवढ्या पुढचा विचार त्यानं केला नव्हता. "रडली," तो म्हणाला. आणि हे बोलताना त्याची जीभ जराही अडली नाही.

जयाबाई कितीतरी वेळ आढ्याकडं बघत राहिली. डोळ्यांतलं पाणी कानांकडं वाहत गेलं, तिनं ते पुसलं नाही. मग म्हणाली, "गाडगं काढ त्ये."

त्यानं चिंधी सोडून खडीसाखर तिच्या हातावर ठेवली. खडा पिवळट पडला होता. तिनं तो दाताखाली धरून फोडायचा प्रयत्न केला, फुटेना, तेव्हा त्याच्याकडून वरवंट्यानं फोडून घेतला. अर्धा आपल्या तोंडात टाकला आणि अर्धा त्याच्यापुढं धरला.

"खा रं," ती म्हणाली. "तुज्यामुळं झालं."

परशरामानं तो खाल्ला.

"आन उद्या," तोंडातली साखर घोळवत जयाबाई म्हणाली, "कुरणवाडीच्या आडाचं पानी आन तांब्याभर. आता प्यायला हरकत न्हाय."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो तांब्या घेऊन कुरणवाडीला गेला.